अमेरिकेत हँडगन घेताना बॅकग्राउंड चेक आणि वेटिंग पिरियड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांकडून हे प्रश्न सतत येतात, आणि ग्रीन कार्ड हातात पडलं की जरा जास्तच येतात. कायदे राज्याराज्यात वेगळे आहेत, शिवाय कोर्टाच्या निकालांनी बदलत राहतात, त्यामुळे दुकानात जायच्या आदल्या दिवशी आपल्या राज्याची सरकारी वेबसाइट एकदा बघाच. आणि तुमची केस जराशीही वेगळी असेल तर आधी वकील, मग दुकान.

१. बॅकग्राउंड चेक आणि वेटिंग पिरियड एकच ना?

नाही. बॅकग्राउंड चेक म्हणजे तुम्हाला कायद्याने गन घेता येते का हे सरकारी रेकॉर्डमध्ये बघणं, आणि लायसन्सवाल्या दुकानातून घेताना तो देशभर लागतो (काही राज्यांत कॅरी परमिट, म्हणजे गन सोबत घेऊन फिरायचा परवाना असला की त्यावरच भागतं, उदाहरणार्थ टेक्सस). वेटिंग पिरियड म्हणजे चेक पास झाला तरी ठरावीक दिवस गन हातात न देणं, आणि हा नियम फक्त काही राज्यांत आहे.

गोंधळ होतो कारण मध्ये काही वर्षं दोन्ही एकत्रच होतं. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनवर हल्ला झाला तेव्हा त्यांचा प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचा अपंग झाला, त्याच्या नावाचा ब्रेडी कायदा १९९३ मध्ये आला, आणि फेब्रुवारी १९९४ पासून हँडगनसाठी ५ दिवसांची वाट बघायला लागायची, तेवढ्यात लोकल पोलिसांनी चौकशी करायची अशी सोय होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये एफबीआयची कॉम्प्युटरवरची सिस्टिम सुरू झाली, तिला निक्स म्हणतात, आणि तेव्हापासून फेडरल पातळीवरची ती ५ दिवसांची अट गेली. आता जी वाट बघायला लागते ती तुमच्या राज्याची.

२. दुकानात नेमकं काय होतं? पहिल्यांदाच जातोय.

फोटो असलेला सरकारी आयडी दाखवायचा, साधारणपणे ड्रायव्हिंग लायसन्स, आणि त्यावर सध्याचा पत्ता पाहिजे. घर बदललं असेल आणि लायसन्सवर जुना पत्ता असेल तर सरकारने दिलेलं दुसरं काहीतरी लागतं, जसं गाडीचं रजिस्ट्रेशन. इंटरनेटचं बिल चालत नाही. मग फॉर्म ४४७३ भरायचा, म्हणजे स्वतः भरायचा, नवऱ्याने बायकोचा किंवा मित्राने मित्राचा नाही. त्यावर हो-नाहीचे प्रश्न असतात आणि खाली सही, आणि त्या सहीचा अर्थ असा की खोटं लिहिलं असेल तर तो फेडरल गुन्हा आहे.

मग दुकानदार चेक लावतो. बऱ्याच राज्यांत थेट एफबीआयकडे, आणि कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया अशा ठिकाणी राज्याच्या यंत्रणेकडून. उत्तर तीनपैकी एक येतं: प्रोसीड, डिलेड किंवा डिनाइड. बहुतेकांचं काही मिनिटांत उरकतं. दुकानातून हँडगन घ्यायला फेडरल नियमाने वय २१ लागतं, रायफल-शॉटगनला १८, पण त्यातही काही राज्यं जास्त कडक आहेत.

३. फॉर्मवर नाव कसं लिहायचं? मधलं नाव वडिलांचं आहे, लग्नानंतर आडनाव बदललं, पासपोर्टवर अजून तिसरंच आहे.

हा आपल्या लोकांचा अगदी खास प्रॉब्लेम आहे, आणि अर्धे डिले इथूनच सुरू होत असतील असं मला वाटतं. आयडीवर जसं कायदेशीर पूर्ण नाव आहे तसंच्या तसं लिहा. मधलं नाव असेल तर पूर्ण लिहा, नुसतं अद्याक्षर नको, आणि अजिबातच नसेल तर नाही म्हणून नोंदवायची पद्धत फॉर्मवरच दिलेली आहे. ग्रीन कार्डवर एक आणि लायसन्सवर दुसरं नाव असेल तर गन राहू दे, आधी ते सरळ करून घ्या, ते पुढे सिटिझनशिपलाही उपयोगी पडेल.

सोशल सिक्युरिटी नंबर देणं ऐच्छिक आहे. पण हा चेक बोटांच्या ठशांवर होत नाही, नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ असल्या माहितीवर होतो, आणि पाटील, जोशी, शाह ही नावं अमेरिकेत आता ढिगाने आहेत. नंबर दिला तर दुसऱ्या कुणाचं रेकॉर्ड तुमच्या गळ्यात पडायची शक्यता कमी होते. मी तरी देईन.

४. मी एच-वन-बीवर आहे, टॅक्स भरतो, घर घेतलंय, रेकॉर्ड एकदम क्लीन आहे. गन घेऊ शकतो का?

मूळ उत्तर नाही असं आहे, आणि हे नीट वाचा कारण इथे चूक झाली तर करिअरच संपतं. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसा आहेत आणि अशा व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने गन किंवा गोळ्या विकतच नाही तर जवळही बाळगता येत नाहीत. दहा वर्षं इथे राहिलात, मुलं इथे जन्मली, आय-वन-फॉर्टी (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, यातल्या कशानेच फरक पडत नाही.

अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. ते असेल तर फेडरल बंदी लागू होत नाही, मग बाकीच्यांसारखा फॉर्म, चेक, राज्याचे नियम सगळं आलंच. पण लक्षात घ्या, लायसन्स फक्त खरेदीच्या दिवशी असून भागत नाही, गन तुमच्याकडे आहे तोपर्यंत ते चालू पाहिजे, आणि ज्या दिवशी संपलं आणि रिन्यू करायचं राहिलं त्या दिवसापासून घरातली गन बेकायदा होते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि डिपोर्टेशनचं बोलायलाच नको. कायद्यात वाट आहे हे खरं, पण एका तारखेवर सगळं कुटुंब टांगून ठेवायचं का हा विचार करा. माझं प्रामाणिक मत, ग्रीन कार्डपर्यंत थांबा.

ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग आहे आणि ईएडी (काम करायचा परवाना) आलंय, आता चालेल का, हा याचाच पुढचा प्रश्न असतो. ईएडी म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. तुमचं स्टेटस नेमकं काय धरलं जातं हे प्रत्येकाच्या कागदांवर आहे, इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या.

५. मग शूटिंग रेंजवर भाड्याची गन घेऊन चार गोळ्या मारल्या तर? ऑफिसची सगळी टीम जातेय.

व्हिसावर असाल आणि हंटिंग लायसन्स नसेल तर जाऊ नका. भाड्याने घेताना फॉर्म ४४७३ भरायला लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की चालतं. पण कायदा बाळगण्याबद्दल आहे आणि हातात धरली की बाळगलीच, अगदी दहा मिनिटं का असेना. त्यात लोक फोटो काढतात आणि टाकतात. मॅनेजरला सरळ सांगा की व्हिसामुळे मला परवानगी नाही, कुणी वाईट वाटून घेत नाही.

६. ग्रीन कार्ड आलं. आता मी सिटिझनसारखाच का?

खरेदीपुरतं जवळजवळ हो. फॉर्मवर नागरिकत्वाचा देश भारत लिहायचा आणि ग्रीन कार्डवरचा ए-नंबर द्यायचा, त्यावरून तुमचं इमिग्रेशन रेकॉर्डही तपासलं जातं. त्यामुळे थोडा जास्त वेळ लागू शकतो, घाबरू नका, प्रश्न ७ वाचा. पूर्वी परदेशी नागरिकांना राज्यात ९० दिवस राहिल्याचं दाखवायला लागायचं, ती फेडरल अट २०१२ मध्ये काढली.

मोठा फरक नंतर आहे. सिटिझनला गनच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर तो शिक्षा भोगतो, ग्रीन कार्डवाल्याला शिक्षेनंतर देशाबाहेरही काढता येतं. म्हणून खाली गन नाकारण्याची जी कारणं आहेत ती आपल्या बाबतीत दुप्पट काळजीने वाचायची.

७. दुकानदार म्हणाला डिलेड. म्हणजे मी संशयित झालो का?

नाही हो. कुणाच्या तरी रेकॉर्डशी काहीतरी जुळतंय आणि माणसाने बसून बघायला पाहिजे एवढाच अर्थ. फेडरल नियमाने एफबीआयकडे ३ कामाचे दिवस असतात, चेकचा दिवस धरायचा नाही. गुरुवारी चेक केला तर शुक्रवार, सोमवार, मंगळवार असे तीन आणि तोवर नकार आला नाही तर बुधवारी दुकानदार गन देऊ शकतो. देऊ शकतो, द्यायलाच पाहिजे असं नाही, बरीच दुकानं पक्कं उत्तर आल्याशिवाय देत नाहीत आणि ते बरोबरच करतात. २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ जणांना मारणाऱ्याला गन अशाच डिलेनंतर, उत्तर न येताच मिळाली होती. काही राज्यांत ही मुदत जास्त आहे, कॅलिफोर्नियात तर तपासाला ३० दिवसांपर्यंत वेळ घेता येतो. २१ पेक्षा लहान असेल तर २०२२ च्या कायद्याने जास्तीची तपासणी होते, काही सापडलं तर ती १० कामाच्या दिवसांपर्यंत जाते.

एक चेक ३० दिवस चालतो, त्यानंतर परत करायचा.

दर वेळी डिले येत असेल तर एफबीआयकडे व्हॉलंटरी अपील फाइल नावाची सोय आहे, ठसे आणि कागद देऊन एक नंबर मिळतो, तो पुढच्या वेळी फॉर्मवर लिहायचा म्हणजे त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाशी गल्लत होत नाही.

८. आणि डिनाइड आलं तर?

त्याच दुकानात वाद घालू नका, दुकानदाराला कारण माहीतच नसतं. व्यवहाराचा नंबर मागून घ्या, त्यावर एफबीआयकडे (किंवा राज्याने चेक केला असेल तर राज्याकडे) कारण विचारता येतं आणि अपील करता येतं. दुसऱ्या दुकानात जाऊन नशीब बघणं ही सगळ्यात वाईट आयडिया आहे, कारण २०२२ च्या दुसऱ्या एका कायद्यानंतर नकाराची खबर २४ तासांत लोकल पोलिसांना जाते. ग्रीन कार्डवर असाल तर अपिलाआधी वकील.

९. आमच्या राज्यात किती दिवस थांबायचं?

जिथे आपली वस्ती जास्त तिथलं सांगतो. बे एरिया आणि अख्खा कॅलिफोर्निया, १० दिवस, पूर्ण २४ तासांचे दहा, शिवाय आधी लेखी परीक्षा देऊन सेफ्टी सर्टिफिकेट. सिएटल-रेडमंडवाल्यांना २०२४ पासून १० कामाचे दिवस, म्हणजे प्रत्यक्षात दोन आठवडे. शिकागोकडे ७२ तास, पण त्याआधी स्टेट पोलिसांचं फॉइड कार्ड (गन बाळगायचं ओळखपत्र) पाहिजे आणि खरा वेळ त्यातच जातो. फ्लोरिडात ३ दिवस, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून, कन्सील्ड कॅरी लायसन्स असेल तर सूट. कोलोरॅडोत ३ दिवस, मेरीलँडमध्ये ७. टेक्सस, जॉर्जिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना इथे वेटिंग पिरियड नाही, चेक पास झाला की त्याच दिवशी गन घरी. न्यू मेक्सिकोने २०२४ मध्ये ७ दिवसांचा नियम आणला आणि २०२५ मध्ये फेडरल अपील कोर्टाचा निकाल त्याच्या विरोधात गेला, म्हणून म्हटलं सरकारी वेबसाइट बघा.

न्यू जर्सीबद्दल वेगळं सांगायला लागेल. एडिसन, पार्सिपनीकडून खूप विचारणा असते. तिथे प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट, तुमच्या गावाच्या पोलिसांकडून, त्याला बोटांचे ठसे, ओळख देणारे दोन संदर्भ आणि मेंटल हेल्थ रेकॉर्ड बघायची संमती. कायद्यात ७ दिवसांची वाटही आहे पण परमिट यायलाच त्यापेक्षा जास्त वेळ जातो, त्यामुळे ती वेगळी जाणवत नाही. ३० दिवसांत एकच हँडगन. न्यूयॉर्कमध्ये आधी लायसन्स, मग हँडगन, आणि लायसन्सला महिने जातात.

१०. माझ्याकडे आधीच एक गन आहे. दुसरीला परत का थांबायचं? रागाच्या भरात काही करायचं असतं तर पहिलीनेच केलं असतं.

हाच मुद्दा घेऊन लोक कॅलिफोर्नियात कोर्टात गेले होते, आणि २०१६ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की आधीची गन असली तरी १० दिवस लागू. म्हणून तिथे परत थांबायचं. मला विचाराल तर दहा दिवसांनी कुणाचं काही बिघडत नाही.

११. मला खरोखर धोका आहे, आधीचा नवरा धमक्या देतोय. मी दहा दिवस काय करू?

ताई, पहिल्यांदा पोलीस आणि प्रोटेक्शन ऑर्डर. ही ऑर्डर निघाली आणि ती कायद्याच्या अटीत बसली तर त्याच्याकडच्या गनवरच बंदी येते, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ही बंदी कायम ठेवली आहे, आणि हे तुमच्या हातात गन येण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालू असते. आपल्याकडच्या बायकांसाठी न्यू जर्सीत मानवी, बे एरियात मैत्री, ह्यूस्टनमध्ये दया अशा संस्था आहेत, त्यांना आपल्या घरातली गुंतागुंत समजावून सांगायला लागत नाही. काही राज्यांत धोका असलेल्या माणसाला वेटिंगमधून सूट मिळू शकते, पोलिसांनाच विचारा.

आणि वेटिंग कशासाठी आहे तेही सांगतो. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्येचे असतात. ती तीव्र घटका बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, आणि त्या वेळात गन हाताशी नसली तर माणूस वाचतो. म्हणून मला हे थांबणं अडथळा वाटत नाही. तुम्ही किंवा घरातलं कुणी त्या अवस्थेत असेल तर ९८८ वर फोन करा, आणि घरात गन असेल तर आजच ती बाहेर हलवायची सोय करा.

१२. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, काउन्सेलरकडे जाते. नाकारतील का?

नुसत्या उपचारांवरून फेडरल कायद्याने नाकारत नाहीत. प्रश्न आहे तो कोर्टाने किंवा तशा अधिकाराने तुम्हाला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं का, किंवा जबरदस्तीने ॲडमिट केलं होतं का. स्वतःहून ॲडमिट झालेलं त्यात येत नाही, पण काही राज्यं याहून कडक आहेत. कृपा करून गनसाठी काउन्सेलरकडे जाणं थांबवू नका, उलट त्यांच्याशी या खरेदीबद्दल बोला.

१३. आमच्या राज्यात गांजा लीगल आहे, कधीतरी एखादी गमी घेतो.

राज्यात लीगल, फेडरलमध्ये नाही, आणि फॉर्मवर हे स्पष्ट छापलेलं आहे. मेडिकल कार्ड असलं तरी तेच. याबद्दल कोर्टात लढाया चालू आहेत पण त्या तुमच्या पैशाने आणि तुमच्या ग्रीन कार्डवर लढू नका. घेत असाल तर गन नाही, आणि फॉर्मवर खोटं तर अजिबात नाही.

१४. जुनी केस आहे. एक डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याची), आणि भारतात ४९८अ (सासरच्या छळाची).

डीयूआयमध्ये शिक्षा किती झाली हे बघत नाहीत, जास्तीत जास्त किती होऊ शकत होती हे बघतात. एक वर्षापेक्षा जास्त असलेला गुन्हा साधारणपणे अडतो, राज्याने मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्हा) म्हटलेला असेल तर दोन वर्षांपर्यंत चालतं. पहिला साधा डीयूआय सहसा यात बसत नाही, दुसरा-तिसरा बसू शकतो.

भारतातल्या शिक्षेबद्दल सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं की फेडरल बंदीसाठी परदेशी कोर्टातली शिक्षा धरायची नाही. पण राज्याचे कायदे, चालू वॉरंट आणि तुमची इमिग्रेशन फाइल या तीन गोष्टी वेगळ्या राहतात. ४९८अ पेंडिंग असताना गन घ्यायला जाऊ नका, आणि गेलात तर वकिलाशी बोलल्याशिवाय नको.

१५. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, भाऊ एच-वन-बीवर. त्याचे पैसे, माझ्या नावावर घेतली तर?

तुम्ही दोघंही अडकाल. याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, २०२२ पासून त्याला स्वतंत्र फेडरल कलम आहे आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत. दोघंही पात्र असले तरीसुद्धा चालत नाही: व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने डिस्काउंट मिळतो म्हणून आपल्या काकांसाठी, त्यांच्या पैशाने गन घेतली, काका पूर्णपणे पात्र होते, तरी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम ठेवली. फॉर्मवर खरा खरेदीदार कोण हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर खोटं ठरलं. स्वतःच्या पैशाने पात्र माणसाला खरंखुरं गिफ्ट देता येतं, ते देताना राज्याचा नियम बघा (प्रश्न १६).

१६. शेजाऱ्याकडून वापरलेली घेतली तर चेक लागतो का?

फेडरल नियमाने एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांत लागत नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, कोलोरॅडो, न्यू जर्सी, न्यूयॉर्क अशा बऱ्याच राज्यांत लागतो, मग दोघांनी दुकानात जाऊन तिथून व्यवहार करायचा. जवळच्या नातेवाइकांना कुठे कुठे सूट आहे. तुमच्या राज्यात सक्ती नसली तरी दुकानातून करा, थोडे पैसे जातील पण चेक होईल आणि व्यवहाराची नोंद राहील.

१७. टेक्ससमध्ये वेटिंग नाही, मग तिथून घेऊन आलो तर? आणि कॅलिफोर्नियाला शिफ्ट होताना स्वतःची नेता येते का?

हँडगन तुम्ही राहता त्याच राज्यात ताब्यात घ्यायची. दुसऱ्या राज्यातली किंवा ऑनलाइन आवडली तर ती तुमच्या राज्यातल्या दुकानात येते आणि मग तुमचाच चेक, तुमचंच वेटिंग. शिफ्ट होताना नेता येते, कॅलिफोर्नियात पोचल्यावर ६० दिवसांत राज्याला कळवायचं. १० पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन्स मात्र तिकडे नेऊ नका.

१८. आईबाबा सहा महिने येणार आहेत आणि घरात गन आहे. काय करायचं?

ते व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे प्रश्न ४ त्यांनाही लागू. घरात एच-फोरवरची बायको असेल तर तिलाही. किल्ली किंवा कोड त्यांच्याकडे असला तर ताबा त्यांचाही होता असं म्हणता येतं. त्यामुळे सेफ, आणि कोड फक्त तुमच्याकडे, गोळ्या वेगळ्या कुलपात. लहान मुलं असतील तर हे व्हिसाशिवायही करायचंच, नातवंडांच्या मागे धावणाऱ्या आजीला उशीखाली गन सापडायला नको.

१९. भारतातलं शस्त्र लायसन्स इथे चालतं का, आणि इथली गन सुट्टीत गावी नेता येईल का?

दोन्हीला नाही. भारतात १९५९ चा आर्म्स ॲक्ट लागू आहे, तिथल्या परवान्याशिवाय गन काय, एक काडतूसही चालत नाही. आणि अडकतात लोक ते काडतुसानेच. रेंजवर नेलेली बॅग पुढे प्रवासाला वापरली, चोरखिशात एक गोळी राहिली, अमेरिकेतून निघताना कुणाला दिसली नाही आणि परतताना मुंबई किंवा पुण्याच्या एअरपोर्टवर स्कॅनिंगमध्ये दिसली की सीआयएसएफ अडवते, पोलीस येतात, गुन्हा नोंदवला जातो. नकळत राहिली होती हे मान्य करून हायकोर्टांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तोवर फ्लाइट गेलेली असते, कोर्टाच्या फेऱ्या सुरू होतात आणि पुढे व्हिसाच्या फॉर्मवर अटकेच्या प्रश्नाला हो लिहायला लागू शकतं. रेंजची बॅग वेगळी ठेवा, ती प्रवासाला कधीच वापरू नका, आणि जॅकेटचे खिसे निघायच्या आधी उलटे करून बघा.